सूत, कापड की शिलाई? विकसनशील देशांपुढील आर्थिक पर्यायांचा एक अभ्यास

गरीब देशाने आपला बाजार बंद ठेवावा की उघडा करावा, हा वाद आमच्या कापड बाजारात दर दोन-चार वर्षांनी नव्याने निघतो. सुताचे भाव चढले की मागवाले म्हणतात, सुताची निर्यात थांबवा. बाहेरचे कापड उतरले की म्हणतात, आयात थांबवा. रेडीमेडवाल्यांना मात्र तेच बाहेरचे कापड हवे असते. सूतगिरणीवाल्यांचे म्हणणे तिसरेच. प्रत्येकजण आपापल्या जागी खरे बोलत असतो आणि म्हणूनच वाद मिटत नाही.

आम्ही गेली तीस वर्षे कापडाच्या धंद्यात आहोत. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. अर्थशास्त्राची जाड पुस्तके वाचण्याचा योग उशिरा आला. पण जे थोडे वाचले आणि जे गाळ्यावर बसून पाहिले, त्यावरून एक गोष्ट आम्हाला पटली आहे. 'बंद' आणि 'उघडा' हे दोन शब्द फार ढोबळ आहेत. कोणताही देश पूर्ण बंद नसतो आणि पूर्ण उघडाही नसतो. खरा प्रश्न असा की, कापसापासून शर्टापर्यंतच्या साखळीत सरकार कोणत्या कडीला सांभाळते आणि त्या सांभाळण्याचा खर्च कोणत्या कडीकडून वसूल होतो. हे नीट समजायचे तर बांगलादेशाइतके चांगले उदाहरण नाही. देश शेजारचा, धंदा आपलाच आणि सुरुवात अक्षरशः शून्यातून. व्यापारी व कारागीर बांधवांनी हा अभ्यास हिशेबाची वही जवळ घेऊन वाचावा अशी विनंती आहे.

शंभर रुपयांच्या शर्टाचा हिशेब

प्रथम एक सोपे गणित मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा परदेशी गिऱ्हाईक एका शर्टाला १०० रुपये देतो. त्यात कापड, बटण, बकरम मिळून ७० रुपयांचा माल लागतो. उरले ३० रुपये. यातच शिलाई, कारखान्याचे भाडे, वीज आणि मालकाचा नफा.

आता सरकारने देशातल्या गिरण्या आणि मागवाले यांना सांभाळण्यासाठी बाहेरच्या कापडावर ३० टक्के जकात लावली. ७० रुपयांचा माल ९१ रुपयांना पडू लागला. देशातले कापडही हळूहळू त्याच भावाला जाऊन टेकते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. परदेशी गिऱ्हाईक मात्र १०० वरून एक रुपया वाढवत नाही, कारण त्याला दुसऱ्या देशातून शर्ट मिळतो. म्हणजे शिलाईवाल्याच्या हातात ३० ऐवजी ९ रुपये राहिले. कागदावर जकात ३० टक्के दिसते. शिलाईवाल्याच्या कमाईतून तिने ७० टक्के नेले.

त्याच सरकारने तयार शर्टावरही ३० टक्के जकात लावली असेल तर देशी बाजारात तो शर्ट १३० ला विकतो. १३० मधून ९१ गेले, राहिले ३९. एकच माणूस, एकच मशीन. परदेशी विकले तर ९ रुपये, घरी विकले तर ३९. तो काय करील? तो घरीच विकील. मग सरकारी अधिकारी भाषणात म्हणणार की आमच्या कारखानदारांना निर्यातीची हिंमत नाही. हिंमतीचा इथे काही संबंध नाही, हा साधा जकातीचा हिशेब आहे.

पन्नास आणि साठच्या दशकांत नव्याने स्वतंत्र झालेल्या बहुतेक देशांनी हीच वाट धरली होती आणि ती मूर्खपणाने धरली असे आम्ही म्हणणार नाही. गुलामीच्या काळात कच्चा माल बाहेर जाई आणि पक्का माल आत येई. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश यांनी दाखवून दिले की कच्चा माल विकणाऱ्या देशाला वर्षानुवर्षे त्याच कारखानी मालासाठी अधिकाधिक कच्चा माल द्यावा लागतो. मग आपले कारखाने उभारा, तोवर दार लावून घ्या, हा सल्ला रास्तच वाटे. भारताच्या १९५६च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत तीच दिशा होती. अडचण इतकीच की दार कधी उघडायचे, हे कुणी ठरवले नव्हते.

तागावर बसलेला देश

१९७१ साली बांगलादेश जन्माला आला तेव्हा त्याच्या जवळ विकायला एकच वस्तू होती, ताग. सुरुवातीच्या वर्षांत निर्यातीचा सुमारे ९० टक्के हिस्सा ताग आणि तागाच्या मालाचा होता. नारायणगंजची आदमजी जूट मिल जगातल्या सर्वांत मोठ्या ताग गिरण्यांत गणली जाई. आदमजी घराणे मूळचे काठियावाडातील जेतपूरचे मेमण. मार्च १९७२ मध्ये नव्या सरकारने ताग आणि कापड गिरण्या, बँका व विमा कंपन्या सरकारी मालकीच्या केल्या. मालक बहुतेक पश्चिम पाकिस्तानात निघून गेले होते, त्यामुळे गिरण्या कुणीतरी हातात घेणे भागच होते. पण पुढे त्या तोट्यात रुतत गेल्या. त्याच सुमारास जगात प्लास्टिकच्या गोण्या आल्या आणि तागाची मागणी ओसरू लागली.

एकाच वस्तूवर देश उभा असला की त्याचे धोरणसुद्धा त्याच्या हातात राहत नाही. १९७४च्या दुष्काळात बांगलादेशाने क्युबाला तागाच्या गोण्या विकल्या म्हणून अमेरिकेने धान्याची मदत अडवली होती. उपाशी देशाला आपला माल कुणाला विकायचा हेही विचारावे लागले. आदमजी मिल पुढे ३० जून २००२ रोजी बंद झाली. त्या जागेवर आता निर्यात प्रक्रिया क्षेत्र आहे आणि तिथे कपडे शिवले जातात.

एकशे तीस माणसे आणि दोन कागद

शिलाईची गोष्ट १९७८ साली सुरू होते. श्रीमंत देशांनी १९७४ पासून मल्टिफायबर करार नावाची व्यवस्था आणली होती. कोणत्या देशातून किती शर्ट, किती पँट घ्यायच्या याचा कोटा ठरलेला. दक्षिण कोरियाने १९६० नंतर निर्यातीच्या जोरावर मोठी मजल मारली होती, तो कोट्यात अडकला. तिथल्या डेवू कंपनीला अशी जागा हवी होती जिला कोटाच नाही. (डेवू हे नाव आपल्याला मोटारीमुळे माहीत आहे, पण १९६७ मध्ये ती कापडाच्या व्यापारातूनच निघाली होती.) बांगलादेशाला कोटा नव्हता, कारण तिथून कपडे जवळजवळ जातच नव्हते.

नुरुल कादेर खान हे माजी सनदी अधिकारी. त्यांनी जुलै १९७८ मध्ये डेवूशी करार करून चितगावला देश गार्मेंट्स ही कंपनी काढली. १९७९ मध्ये सुमारे १३० माणसे सहा महिन्यांसाठी कोरियातील पुसानच्या कारखान्यात शिकायला गेली. त्यांत स्त्रियाही होत्या. १९८० मध्ये काम सुरू झाले. पहिल्या वर्षी ४३ हजारांच्या आसपास शर्ट गेले आणि त्यांची किंमत ५५ हजार डॉलर. १९८७ पर्यंत हाच आकडा २३ लाख शर्ट आणि ५३ लाख डॉलरवर गेला. पण खरी गोष्ट कंपनीच्या वाढीची नाही. त्या १३० पैकी ११५ माणसे १९८७ पर्यंत कंपनी सोडून गेली होती. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याच्या कारखान्यात मोठ्या पगारावर गेला. कुठल्याही मालकाला हे आवडणार नाही. उस्ताद काम शिकवतो आणि कारागीर समोरच्या गल्लीत दुकान टाकतो, हे आपल्याकडे रोज घडते. देशाच्या हिशेबात मात्र हाच सर्वांत मोठा नफा ठरला.

शिकलेली माणसे होती, पण भांडवल कुठले? इथे सरकारने काय केले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. देश गार्मेंट्सच्या आग्रहामुळे दोन सोयी आल्या.

पहिली सोय बाँडेड गोदामाची. कारखानदार बाहेरचे कापड आणतो. ते सरकारी नोंदीच्या गोदामात उतरते. त्यावर जकात भरायची नाही, मात्र त्याचे कपडे होऊन देशाबाहेर गेले पाहिजेत. किती मीटर आले, किती शर्ट गेले, याचा ताळा वहीत लागतो. वर मांडलेल्या हिशेबात ९ रुपये राहिले होते, ते या एका सोयीने पुन्हा ३० झाले. आधी जकात भरा आणि नंतर परतावा मागत कचेरीच्या पायऱ्या झिजवा, ही पद्धत आपल्याला ठाऊक आहे. परतावा मिळतोही, पण तोवर भांडवल अडकते आणि लहान माणूस मरतो.

दुसरी सोय बॅक-टु-बॅक एल.सी.ची. एल.सी. म्हणजे बँकेचे हमीपत्र. माल कागदपत्रांप्रमाणे गेला की पैसे मिळतील अशी गिऱ्हाइकाच्या बँकेची हमी. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाने शर्टाची एल.सी. पाठवली की ढाक्याची बँक तीच तारण धरून कापडवाल्याच्या नावे दुसरी एल.सी. उघडते. कापडाचे पैसे काही महिन्यांनी द्यायचे. तोवर कापड येते, शर्ट शिवून जातो, पैसे येतात. बँक आधी कापडवाल्याचे देणे चुकते करते आणि राहिलेले शिलाईवाल्याला देते. म्हणजे ७० रुपयांचे कापड घेण्यासाठी शिलाईवाल्याला स्वतःचे ७० रुपये लागत नाहीत. मशीन, जागा आणि मजुरीपुरते पैसे असले की कारखाना उभा राहतो. आपल्याकडे मागवाला सुतासाठी व्यापाऱ्याच्या उधारीवर असतो आणि त्या उधारीचा भाव सुताच्या भावातच चढवलेला असतो. त्याच्याशी ही पद्धत ताडून पाहावी.

दोन्ही सोयींना सरकारच्या तिजोरीतून फारसे काही द्यावे लागले नाही. जी जकात मिळणारच नव्हती ती सोडली आणि बँकेला एक कागद ओळखायला शिकवले. १९८२च्या औद्योगिक धोरणाने बऱ्याच गिरण्या जुन्या बंगाली मालकांना परत दिल्या, त्याची चर्चा फार झाली. आमच्या मते या दोन कागदांनी त्याहून जास्त काम केले.

१९८५ मध्ये अमेरिकेने बांगलादेशावरही कोटा लावला, पण तोवर गाडी सुटली होती. १९८३-८४ मध्ये कपड्यांची निर्यात सव्वातीन कोटी डॉलरच्या आत होती, एकूण निर्यातीच्या चार टक्क्यांहून कमी. १९९०-९१ मध्ये ती ८६ कोटींवर गेली आणि निर्यातीचा निम्मा हिस्सा झाली. कोटा व्यवस्था ३१ डिसेंबर २००४ रोजी संपली तेव्हा चीन सर्व गिळून टाकील असे जाणकार म्हणत होते. तसे झाले नाही. २०२४-२५ मध्ये निर्यात ३९ अब्ज डॉलरच्या आसपास पोहोचली होती आणि एकूण निर्यातीतला हिस्सा ८० टक्क्यांवर होता.

किंमत कोणी मोजली

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग झाले, हाच रस्ता. जरा थांबावे. आकड्यांच्या दुसऱ्या बाजूला माणसे आहेत.

शर्टाचा भाव परदेशी गिऱ्हाईक ठरवतो आणि कापडाचा भाव चीन ठरवतो. मधल्या ३० रुपयांत दाबता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, मजुरी. शिलाई कामगारांची किमान मजुरी १९९४ मध्ये महिना ९३० टका ठरली आणि ती बारा वर्षे तिथेच राहिली. २००६ मध्ये १,६६२ टका, २०१० मध्ये ३,०००, २०१३ मध्ये ५,३००, २०१८ मध्ये ८,०००. २०२३ मध्ये कामगारांनी २३,००० मागितले, रस्त्यावर उतरले, काहींचे प्राण गेले आणि १२,५०० ठरले. प्रत्येक वाढीच्या आधी काय घडले ते पाहिले की लक्षात येते, या वाढी कुणी आपणहून दिलेल्या नाहीत.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ताजरीन फॅशन्सच्या आगीत शंभरावर कामगार जळाले. पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची दुकाने आणि बँक बंद राहिली. वरच्या शिलाई कारखान्यांनी मात्र कामगारांना बोलावून घेतले, कारण माल वेळेवर जायचा होता. यानंतर परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात इमारत व आग सुरक्षेचा बंधनकारक करार झाला, हजारो कारखान्यांची तपासणी झाली. हे आधी करता आले नसते का? करता आले असते. भिंत पक्की करायला लागणारा खर्च शर्टामागे पैशांत मोजण्याइतका होता. तो कुणी मागितला नाही आणि कुणी दिला नाही.

एक मात्र मान्य केले पाहिजे. गावात ज्यांच्या हाताला पैसा लागत नव्हता अशा लाखो मुली आणि स्त्रिया या कारखान्यांमुळे कमावत्या झाल्या. मुलींच्या शाळेवर आणि लग्नाच्या वयावर त्याचा परिणाम झाला. मजुरी कमी, हे खरे. पण ती मजुरी नसती तर काय होते, हेही विचारले पाहिजे. ढाक्यातल्या कामगार संघटना कारखाने बंद करा असे म्हणत नाहीत, मजुरी वाढवा म्हणतात.

त्यांच्या मागवाल्यांचे काय झाले

आमच्या वाचकांत माग चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांचा प्रश्न असणार, बाहेरचे कापड जकातीविना आले तर तिथल्या विणकराचे काय झाले? नरसिंगदी, पाबना, सिराजगंज हे त्यांचे भिवंडी-मालेगाव.

इथे दुसरी निवड आली. १९९० नंतर बांगलादेश सरकारला आपल्या सूत आणि कापड उद्योगाला वर काढायचे होते. सोपा मार्ग होता बाहेरच्या कापडावर जकात बसवण्याचा. तसे केले असते तर शर्ट मेला असता. त्यांनी दुसरी वाट घेतली. जो निर्यातदार देशी सूत किंवा कापड वापरील त्याला सरकार रोख मदत देईल. म्हणजे सूतगिरणीला सांभाळायचे, पण त्याचा खर्च शिलाईवाल्याच्या खिशातून काढायचा नाही, तिजोरीतून द्यायचा. याचा एक फायदा असा की तिजोरीतला खर्च अंदाजपत्रकात दिसतो, त्यावर दरवर्षी बोलले जाते, तो कमी करता येतो. जकातीचा खर्च कुणाला दिसत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे राहते. बांगलादेशात ही रोख मदत टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली.

त्याला युरोपच्या नियमाचीही जोड मिळाली. युरोपात जकातमाफी हवी असेल तर शिलाईच्या आधीची एक पायरीही त्याच देशात व्हावी अशी अट होती. होजिअरीची, म्हणजे टी-शर्ट आणि बनियनची यंत्रे स्वस्त, जागा थोडी लागते. नारायणगंजला ती धडाधड बसली. आज तिथले होजिअरीचे कापड बहुतांशी देशातच विणले जाते. शर्ट-पँटचे विणलेले कापड मात्र अजून मोठ्या प्रमाणावर चीनमधून येते, कारण मोठे माग, रंगाई आणि प्रोसेसिंग यांना भांडवल, वीज आणि गॅस लागतो. २०११ पासून युरोपने अतिगरीब देशांसाठी ती अट सैल केली, तेव्हा विणाई उभारण्याची घाईही कमी झाली. सवलतीचा असाही एक तोटा असतो.

राहिला देशी बाजारासाठी विणणारा मागवाला. त्याची तक्रार खरी आहे. बाँडमध्ये आलेले कापड सगळेच शर्ट होऊन परत जात नाही. त्यातले काही जुन्या ढाक्यातल्या इस्लामपूरच्या ठोक बाजारात उतरते आणि जकात न भरलेल्या त्या कापडाशी नरसिंगदीच्या माणसाला झुंजावे लागते. गोदामाची वही जितकी ढिली, तितका त्याचा धंदा कमी.

गळती फक्त सवलतीतून होते असे मात्र नाही. बंदीतूनही होते. नायजेरियाने परदेशी कापडावर वेळोवेळी बंदी घातली. ८०च्या दशकात तिथे दीडशेहून अधिक गिरण्या होत्या. उत्तरेतल्या कादुना शहराची ओळखच त्यांच्यावर होती. तेलाच्या पैशाने चलन महाग झाले, वीज टिकेना आणि बंदी असलेले चिनी कापड शेजारच्या बेनिन देशातून चोरवाटेने कानोच्या बाजारात येत राहिले. कादुनाची सर्वांत मोठी गिरणी २००७ मध्ये बंद पडली. बंदी कागदावर होती तेव्हाच पडली. स्वस्त माल आणि शंभर किलोमीटरची सरहद्द असली की बंदीचा फायदा चोरट्या व्यापाऱ्याला होतो.

आमच्याकडची निवड

आता भारताकडे येऊ. आपल्या सरकारने प्रत्येक कडीभोवती वेगळे कुंपण घातले. हातमागाला जगवण्यासाठी मोठ्या गिरण्यांना माग वाढवू दिले नाहीत. १९८५च्या कायद्याने काही वाण फक्त हातमागासाठी राखले. गिरण्यांनी ठराविक सूत लडीच्या रूपात काढलेच पाहिजे असा नियम केला. तयार कपडे लहान उद्योगासाठी राखीव ठेवले, ते २००० सालच्या वस्त्र धोरणापर्यंत. कृत्रिम धाग्यावर चैनीची वस्तू समजून भारी कर ठेवला.

हेतू नेक होता, पण घडले निराळेच. गिरणी थांबली, हातमागही फार वाढला नाही आणि मधल्या जागेत यंत्रमाग पसरला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी ही गावे हातमागासाठी बांधलेल्या कुंपणाच्या सावलीत मोठी झाली. जानेवारी १९८२च्या मुंबईच्या संपानंतर तर काम लोंढ्याने आले. आपल्या घरांत भाकरी आली ती यातूनच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण याच व्यवस्थेने आपल्याला लहान ठेवले. सहा-आठ साधे माग, दुसऱ्याचे सूत, मीटरवर मजुरी. कोरे कापड विणायचे आणि ठोक व्यापाऱ्याला द्यायचे. रंगाई-प्रोसेसिंग दुसरीकडे, शिलाई तिसरीकडे. शिलाई राखीव असल्यामुळे हजार मशीनचा कारखाना इथे वेळेवर उभाच राहिला नाही. परदेशी गिऱ्हाइकाला एका रंगाचे पाच लाख शर्ट एकदम लागतात. ते ढाक्याला मिळत.

सुताचा कर शर्ट कसा भरतो, याचे ताजे उदाहरणही घरचेच आहे. जी.एस.टी. आल्यानंतर कृत्रिम तंतूवर १८ टक्के, त्याच्या सुतावर १२ आणि कापडावर ५ टक्के होता. वरचा कर खालच्या कराहून जास्त, त्यामुळे परताव्यात पैसे अडकत. २०२३ पासून पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसच्या कच्च्या मालावर गुणवत्तेच्या सक्तीचे हुकूम लागू झाले. नाव गुणवत्तेचे, पण परिणाम असा की बाहेरचा स्वस्त धागा आत येणे अवघड झाले आणि देशातल्या मोजक्या मोठ्या उत्पादकांचा भाव चालला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तंतू आणि सूत दोन्ही ५ टक्क्यांवर आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यातले बरेचसे हुकूमही मागे घेतले गेले. या दोन निर्णयांबद्दल आपल्या बाजारात जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही. बांगलादेशी शर्टावर बंदीची बातमी आली तेव्हा मात्र पेढे वाटले गेले.

त्या बंदीचेही नीट समजून घ्यावे. २०११ मध्ये भारताने बांगलादेशी कपड्यांवरची जकात काढली. मे २०२५ मध्ये हे कपडे खुष्कीच्या मार्गाने आणण्यास मनाई झाली. ते फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या बंदरांतून यावेत असा हुकूम निघाला. त्याआधी एप्रिलमध्ये बांगलादेशाने आपले सूत त्यांच्या खुष्कीच्या नाक्यांवर अडवले होते. आता पहा, सूत कुणाचे अडले? बांगलादेश हा आपल्या सुताच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे. त्यात विदर्भ-खानदेशचा कापूसही असतो. त्यांचा शर्ट अडवल्याने आपल्या शिलाईवाल्याला थोडी उसंत मिळाली असेल. पण त्यांनी सूत घेणे कमी केले तर सूतगिरणी आणि कापूस पिकवणारा यांना झळ बसते. मागवाल्याला सूत स्वस्त मिळेल म्हणून तो खूष होईल. प्रत्येक हुकुमाला असे तीन-चार हिशेब असतात. संघटनेच्या बैठकीत निवेदन लिहिताना निदान दोन तरी मांडून पाहावेत.

पुढची तारीख

बांगलादेशापुढे आता तिसरी निवड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये त्याला अतिगरीब देशांच्या यादीतून बाहेर काढण्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली. यादीतून बाहेर पडणे ही इज्जतीची गोष्ट आहे, पण युरोपची २००१ पासूनची पूर्ण जकातमाफी त्या यादीशी बांधलेली आहे. बाहेर पडल्यावर तीन वर्षांची सवड मिळते. त्यानंतर सवलत हवी तर कापड आणि शिलाई दोन्ही पायऱ्या दाखवाव्या लागतील. चिनी कापडाच्या शर्टाला युरोपात बारा टक्क्यांच्या आसपास जकात पडू शकेल. निर्यातीवरची रोख मदतही जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसणार नाही. म्हणजे जे विणकाम चाळीस वर्षांत पुरते उभे राहिले नाही, ते थोड्या वर्षांत उभे करायचे किंवा कापड अशा देशातून घ्यायचे जिथले कापड युरोप चालवून घेतो.

युरोपच्या नियमांत सार्क देशांतल्या कापडाला काही अटींवर स्थानिक मानण्याची तरतूद आहे. हे वाक्य आमच्या मागवाल्यांनी दोनदा वाचावे. दोन्ही सरकारांचे आज जमत नाही, ते पुढे जमेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही. पण जमलेच तर त्यांना लागणारे कापड कोणते? ५७-५८ इंच पन्ह्याचे, गाठ आणि डाग नसलेले, एका रंगात हजारो मीटर आणि ठरलेल्या तारखेला. धोट्याच्या साध्या मागावर ते निघत नाही. चार-पाच मागवाल्यांनी मिळून बिनधोट्याचे माग घ्यायचे, सायझिंग आणि प्रोसेसिंगवाल्याला सुरुवातीपासून भागीदार करायचे, असे झाले तरच ते निघेल. मालेगाव आणि भिवंडीत असे किती जण एका वहीवर सही करतील, ते त्यांनीच पाहायचे आहे.